मुलांचा खेळ बघताना काय बघायचे?

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात मंडळाच्या क्रीडा समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झालेली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. अशा वेळी भाषणाला उभे राहणे हे धाडसाचेच काम, त्यामुळे थेट विषयाकडे वळतो.

बाप्पाची ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली, कार्तिकेय मोरावर बसून निघाला आणि गणपतीने आईवडिलांना फेरी घालून पैज जिंकली. आपण ती मातृपितृभक्तीची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मुलांच्या स्पर्धा घेणारे म्हणून आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हातात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या परीक्षकाने त्या दोघांपैकी कोणाची निवड केली असती? अर्थातच कार्तिकेयाची. तुंदिलतनू, उंदरावर बसणाऱ्या मुलाच्या नावापुढे त्याने फुली मारली असती. पुढे कार्तिकेय देवांचा सेनापती झाला, म्हणजे त्याच्यातही काही कमी नव्हते. एकाच घरातली दोन मुले, दोघांची बलस्थाने वेगळी. ती ओळखायची कशी, एवढाच आजचा विषय.

दरवर्षी खो-खो, कबड्डी आणि धावण्याच्या स्पर्धा संपल्या की काही पालक आम्हाला बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "आमच्या मुलात काही आहे का हो?" प्रश्न सहा शब्दांचा, पण त्यामागे बरेच काही असते. जळगाव, धुळे, नाशिक, कोल्हापूरकडून पोटापाण्यासाठी सिल्व्हासात आलेली आपली कुटुंबे. कोणी मसाटला, कोणी पिपरियाला, कोणी खडोलीला कारखान्यात. वडिलांची रात्रपाळी, आईची घरातली आणि बाहेरची धावपळ. मुलाला रोज मैदानावर न्यायचे तर त्यासाठी वेळ, पैसा आणि झोप यांतले काहीतरी सोडावे लागते. म्हणून पालकांना "हो" किंवा "नाही" असे उत्तर हवे असते. आणि आम्हाला ते देता येत नाही, कारण अकरा-बारा वर्षांच्या मुलाबद्दल ते कोणालाच देता येत नाही. देता येते ती दोन रकान्यांची नोंद. एका रकान्यात त्याचे बळ, दुसऱ्यात त्याची उणीव. आणि उणिवेपुढे एक गोष्ट लिहायलाच हवी : ही उणीव कशाने भरून निघेल? आमच्या मते उणिवा तीन प्रकारच्या असतात.

पहिली उणीव वयाची. ती केवळ वेळ भरून काढते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याकडचे नाही, कॅनडातले आहे. तिथे बर्फावर स्केट घालून खेळायची हॉकी म्हणजे आपल्याकडचे क्रिकेटच समजा. आपल्या देशात हा खेळ लडाखमध्ये खेळतात. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जात. १९८०च्या दशकात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने वरच्या दर्जाच्या कुमार संघांतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या, तेव्हा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये जन्मलेली मुले भरभरून सापडली आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली अगदी थोडी. आता जानेवारीत जन्मलेल्यालाच बर्फावर घसरता येते असे तर नाही! कारण साधे होते. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, वजनात आणि ताकदीत मोठा फरक. निवडणाऱ्यांना थोराड मूल हुशार वाटले. ते संघात गेले, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळाले, आणि काही वर्षांत ते खरोखरच पुढे गेले. डिसेंबरातले मूल घरी बसले.

आपल्या शालेय स्पर्धांतही १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. तिथेही हेच होऊ शकते. शिवाय आपल्याकडे जन्मतारखेचा एक खास मराठी प्रकार आहेच. इथे बसलेल्या किती आजी-आजोबांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, हात वर करा बघू! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिली तीच तारीख. आता जन्मदाखले रीतसर मिळतात, तरी वय चोरण्याची खोड पूर्ण गेलेली नाही. म्हणून तर क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय बघितले जाते. सांगायचे एवढेच, की मूल लहानखुरे आहे ही नोंद करताना शेजारी जन्ममहिना लिहा. "ताकद कमी" आणि "नोव्हेंबरचा जन्म" हे एकत्र वाचले की अर्थ बदलतो.

दुसरी उणीव शिकवण्याची. ती सरावाने भरून निघते.

इथे आपल्या देशातले एक टिपण आठवावे असे आहे. मुंबईचे क्रिकेट पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून क्रिकेट मंडळाने २००२च्या सुमारास गुणवत्ता शोधण्याची एक योजना सुरू केली. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख होते. मोठ्या शहरांबाहेरचे सामने बघायला जुन्या खेळाडूंना पाठवायचे, अशी ती योजना. त्यातले प्रकाश पोद्दार २००३मध्ये जमशेदपूरला गेले आणि तिथे त्यांनी झारखंडचा एक यष्टिरक्षक पाहिला. त्यांच्या नोंदीचा आशय असा होता : चेंडू फार जोरात मारतो, दोन यष्ट्यांमध्ये उत्तम धावतो, तंत्र तितकेसे चांगले नाही, यष्टिरक्षणावर काम करायला हवे. मुलाचे नाव महेंद्रसिंह धोनी. डिसेंबर २००४मध्ये तो भारताकडून खेळला. पुढचे सांगायला नको.

त्या नोंदीकडे नीट बघा. तिच्यात कौतुक आहे आणि उणीवही स्पष्ट लिहिलेली आहे. तंत्र कच्चे म्हणून नाव खोडलेले नाही, आणि षटकार लांब जातो म्हणून कच्चेपण झाकलेलेही नाही. जे शिकवता येईल ते उणिवेत, जे शिकवून येत नाही ते बळात. आमच्या मते चांगल्या नोंदीची हीच खूण.

तिसरी उणीव खेळाच्या निवडीची. मूल चुकीच्या जागी उभे असते. तिथे जागा बदलायला हवी.

सचिन तेंडुलकर १४ वर्षांचा असताना चेन्नईला वेगवान गोलंदाजांच्या प्रबोधिनीत गेला होता, वेगवान गोलंदाज व्हायला. तिथे डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीकडेच लक्ष द्यायला सांगितले. गोलंदाज म्हणून जी उणीव होती, ती दूर करण्यात कोणी पाच वर्षे घालवली नाहीत.

आणि याहून जवळचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. धरमपूर-वासद्याच्या पलीकडे डांग जिल्हा. तिथल्या कराडी आंबा गावची सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायची. पुढे ती ॲथलेटिक्सकडे वळली, ४०० मीटर आणि अडथळ्यांच्या शर्यतीत उतरली, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. खो-खोतली पळती तिला धावपट्टीवर उपयोगी पडली. एका खेळात कमावलेले बळ दुसऱ्या खेळात जाते, हे लक्षात ठेवले तर "कबड्डीत चालत नाही" एवढ्यावर आपण थांबणार नाही.

आता प्रत्यक्ष बघायचे कसे? आपल्या मैदानावरचा खो-खोच घेऊ. तक्त्यावर दिसते ती संरक्षणाची वेळ. एक मुलगी २ मिनिटे टिकली, दुसरी ४० सेकंदांत बाद. पण पहिलीकडे पाठलाग वळलाच नसेल तर? तिघींच्या तुकडीत दुसरीच सगळी धाव स्वतःवर ओढून घेत असेल तर? घड्याळ हे सांगत नाही. त्यासाठी मुलीचे डोळे बघावे लागतात. ती फक्त मागे लागलेल्या गड्याकडे बघते, की पुढचा खो कुठून उठू शकेल तेही बघते? हुलकावणी देताना तिचा तोल जातो का? आणि पाटीत बसलेल्या मुलांकडे तर कोणीच बघत नाही. खरे तर तिथेच खूप काही दिसते. एक मूल बसल्या जागी गवत उपटत असते, दुसरे मानेने पळणाऱ्याचा माग काढत असते आणि खो मिळताच योग्य बाजूला झेपावते. ही दुसऱ्या मुलाची समज त्याच्या नावापुढे कोणत्याही आकड्यात येत नाही.

बाद झाल्यावर मूल काय करते, हेही बघा. सोबत्यावर ओरडते, की पुढच्या डावासाठी धापा टाकत परत येते? एका दिवसावरून मात्र काही ठरवू नका. भाद्रपदातल्या पावसात आपल्या मैदानाचा जो चिखल होतो, त्यात भलेभले घसरतात. निदान तीनदा बघावे, आणि त्यातले एकदा मुलाला कळू न देता. १९८४ साली सचिनला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले, तेव्हा पहिल्यांदा त्याचा खेळ सरांना फारसा भावला नाही. थोरला भाऊ अजित याने विनंती केली, की तो बुजला आहे, तुम्ही जरा लांबून बघा. सरांनी लांबून बघितले आणि मग त्याला घेतले. एक संधी भावाने मागितली आणि गुरूने दिली. आपल्या किती मुलांना अशी दुसरी संधी मिळते?

आता जरा कठीण बोलतो. मैदानाच्या कडेला उभे राहून आपण मोठी माणसे मुलाला ऐकू जाईल असे बोलतो : "हा काही कामाचा नाही." आपण विसरतो, मूल विसरत नाही. दुसऱ्या दिवशी ते पाय दुखत असल्याचे सांगते, आठवड्याने येईनासे होते. मुलींचे आणखी वेगळे. सातवी-आठवीनंतर त्या मैदानावर दिसेनाशा होतात आणि कोणी विचारतही नाही. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या मराठी कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. दारात रांगोळी काढणारी जी मुलगी मैदानावर उत्तम सूर मारत होती, तिच्यासाठी आता खो-खोतही वाट आहे. ती बंद झाली तर उणीव मुलीत नव्हती, हे आपण कबूल करायला हवे.

आणि जी मुले आपल्याला दिसतच नाहीत, त्यांचे काय? खानवेल, दुधनीकडच्या पाड्यांवरची वारली, कोकणा, धोडिया मुले रोज डोंगर चढतात-उतरतात. आपल्या सीमेलगतच्या डोंगरपट्ट्यातलीच सावरपाड्याची कविता राऊत. तिला नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले आणि तिने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. पाय तिच्याकडे आधीपासून होते, बघणारे कोणीतरी भेटावे लागले. या भूमीने आपल्याला पोटाला दिले. आपल्या स्पर्धा मंडळाच्या सभासदांच्या मुलांपुरत्या न ठेवता या मुलांनाही बोलवावे, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवत आहोत.

दुसरा प्रस्ताव साध्या वहीचा. प्रत्येक मुलाचे एक पान. वर नाव, जन्ममहिना, उंची. खाली तीन वेळा केलेली नोंद : बळ, उणीव आणि ती वयाची, शिकवण्याची की खेळाच्या निवडीची. शेवटी पुढच्या सहा महिन्यांत करायच्या दोनच गोष्टी. पान पालकांना आणि मुलाला वाचून दाखवायचे, इतरांना नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचे. ज्यांना लिहिण्याची आवड आहे पण पळवत नाही, अशा काका-काकूंची आम्हाला यासाठी फार गरज आहे. रविवारी सकाळी दोन तास. चहा समितीतर्फे.

अशा वह्यांतून एखादी सरिता निघेल का? वचन देत नाही. बहुतेक मुले मोठी होऊन आपल्यासारखीच नोकरी-धंदा करतील. पण "माझ्यात काय आहे आणि मला काय शिकायचे आहे" हे जे मूल बाराव्या वर्षी शांतपणे ऐकून घेते, ते पुढे नापास झाल्यावर किंवा नोकरी गेल्यावरही उभे राहते, असा आमचा विश्वास आहे.

तेव्हा यंदापासून मुलाला घेऊन आलात की "काही आहे का हो" असे विचारू नका. विचारा, "काय आहे, आणि काय करून घ्यायचे?" उत्तर देण्याचा आम्ही मनापासून प्रयत्न करू. वहीसाठी नावे आज प्रसादाच्या टेबलाजवळ घेतली जातील.

गणपती बाप्पा मोरया!