शेजाऱ्याचे झाड आणि आपली भिंत
(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा हा निवृत्त सिव्हिलवाला वास्तुशास्त्रावर बोलेल असं त्यांना वाटलं असावं. मी बोलणार आहे शेजाऱ्याच्या झाडाबद्दल. हसू नका. झाडावरून शेजाऱ्याशी बोलणं बंद झालेली मंडळी या सभागृहातही आहेत, नावं घेत नाही.

सेक्टरमध्ये राहत होतो तोवर हा प्रश्नच नव्हता. क्वार्टर कंपनीचं, झाड कंपनीचं आणि तक्रारही कंपनीकडेच. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून आपण नेहरूनगर, स्मृतीनगर, हुडको अशा ठिकाणी आलो आणि पहिल्यांदाच भिंत आपली झाली, झाड दुसऱ्याचं.

आमचे शेजारी मल्याळी, रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. त्यांचा गुलमोहोर कंपाउंडपासून जेमतेम चार फुटांवर. काही वर्षांनी आमच्या मागच्या खोलीच्या कोपऱ्यात तिरकी भेग दिसू लागली. सौ. म्हणाली, "आजच जाऊन झाड तोडायला सांगा." मी म्हटलं, आधी झाडावर आरोप सिद्ध होऊ दे. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावली आणि तिच्यावर तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर पट्टी तडकते. खर्च अगदी किरकोळ. वर्षभर दर महिन्याला भेगेची रुंदी मोजून वहीत मांडली. मे महिन्यात ती रुंदावे, पाऊस मुरला की मिटू लागे.

याचा अर्थ समजून घ्या. भिलाई-दुर्गकडची जमीन सगळीकडे सारखी नाही. कुठे मुरमाड भाठा, तर कुठे कन्हार, म्हणजे आपली काळी चिकण माती. भाठ्यावर हा त्रास फारसा नाही. कन्हार ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतं, माती आणखी आक्रसते आणि पायाचा तेवढा भाग खचतो. मुळं भिंत ढकलतात असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती ढकलत नाहीत, पाणी पितात. म्हणूनच अशा जमिनीत जुनं झाड एकदम तोडणं हाही उपाय नव्हे. पिणारं कोणी उरलं नाही की तीच माती फुगून पाया वर उचलू शकते.

वही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "भाईसाब, मई-जून हम इसी के नीचे बैठते हैं." मग महिनाभर बोलणं नाही. तो महिना मला भेगेपेक्षा जड गेला. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर अमेरिकेत. सौ.ला रात्री दोन वाजता सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात नेलं ते याच गृहस्थांनी, स्वतःच्या गाडीतून. अशा माणसाला मी नोटीस पाठवायची?

कायदा मात्र मी वाचून ठेवला होता. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात ठरवलं की आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या, शेजाऱ्याच्या जागेत पाऊल न टाकता, नोटीस न देताही छाटता येतात. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरी कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल या खटल्यात म्हटलं की वर्षानुवर्षं फांद्या दुसऱ्याच्या जागेवर पसरल्या म्हणून झाडमालकाला तसा वहिवाटीचा हक्क मिळत नाही. छाटलेलं लाकूड आणि फळं मात्र झाडमालकाचीच. तिकडे १९१९ साली तोडलेल्या सफरचंदांवरूनही खटला झाला होता! शिवाय हे सगळं हद्दीपुरतं. अख्खं झाड तोडायचं तर निगमकडे आधी विचारावं, आणि तुमचं घर महाराष्ट्रात असेल तर तिथे १९७५ चा झाडांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा आहे. अर्ज करूनही धोका टळतोच असं नाही. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एक महिला गेली. त्या झाडाबद्दल रहिवाशांनी आधी अर्ज केला होता.

तर महिन्याने शेजारी आपणहून आले आणि म्हणाले, पट्टी पुन्हा दाखवा. मग ठरलं असं. पावसाळ्यापूर्वी झाडाचा माथा हलका करायचा, तोही बेताने. त्याचा खर्च त्यांचा. आमच्या भिंतीलगत चर खणून काँक्रीटची आडभिंत घालायची. तो खर्च माझा. चर बुंध्याजवळ नेला नाही. माझ्या बाजूची मुळं तोडली असती तर माझ्या बाजूने आलेल्या अंधडात झाड थेट त्यांच्या घरावर गेलं असतं. जाड फांदी आधी खालून थोडी कापून घ्यायला लावली, नाहीतर ती पडताना बुंध्याची साल सोलत नेते. अर्जावर सह्या दोघांच्या. भेग अजूनही मे महिन्यात केसाएवढी उघडते. तेवढी मी चालवून घेतो. झाडाखाली आता दोन खुर्च्या असतात.

पिंपळाचं मात्र वेगळं. त्याची फळं पक्षी खातात आणि बी विष्ठेतून गच्चीच्या, भिंतीच्या फटीत पडतं. वरून कापलं तर आत राहिलेल्या मुळातून पुन्हा फुटतं. मोठा झाल्यावर तोडायला आपल्याकडे कोणी मजूर हात लावत नाही, आणि शेजाऱ्याला ‘तोडा’ म्हणायला आपलीही जीभ रेटत नाही. म्हणून विसर्जन झालं की एकदा गच्चीवर जाऊन या. या पावसात उगवलेलं रोप दोन-चार पानांचं असतं, बोटांनी मुळासकट निघतं. कुंडीत लावा, मग मोकळी जागा बघून तिथे. शेजाऱ्याच्या पॅरापेटवर दिसलं तर त्यांना हाक मारून दाखवा, आणि जिन्यावर चढणं त्यांना जमत नसेल तर विचारून आपणच काढून द्या.