आधी आईची वाटी

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं आतडं फार कोवळं असतं. पावडरच्या दुधापेक्षा दान केलेलं आईचं दूध दिलं, तर त्या आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका कमी होतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली असं दानाचं दूध साठवणारी आशियातली पहिली दूधपेढी उभारली. परक्या बाईच्या दुधातून रोग येईल, ही शंका रास्तच. पण दात्या मातेची रक्ततपासणी होते आणि दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात. तापवल्यानं त्याचे काही गुण उणावतात, हेही खरं. म्हणूनच पेढीपासून लांब असलेल्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात पहिला मान सख्ख्या आईच्या दुधाला: स्वच्छ वाटीत काढलेलं, चमच्यानं थेंबथेंब पाजलेलं. याच तालुक्यातल्या चातगावच्या ‘सर्च’ या संस्थेनं 1995 पासून गावच्या बायकांनाच आरोग्यदूत करून घरोघरी नवजात बाळं सांभाळली. बाळ दूध ओढत नसेल, तर आजच आशाताईंना बोलवा.