क्लब कुणाचा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला सोसायटीचा इतिहास सांगायला सांगितलं होतं. तो अहवालात छापलेला आहे. मी एका फुटबॉल क्लबाचा इतिहास सांगणार आहे. का, ते पुढं येईलच.

साल १९२०. पूर्व बंगाल, म्हणजे आजचा बांगलादेश, तिथून शिक्षणाला, नोकरीला आलेली पुष्कळ माणसं कलकत्त्यात होती. त्यांची बोली वेगळी, म्हणून तिथले लोक त्यांना ‘बांगाल’ म्हणून हिणवायचे. मूळचे ते ‘घोटी’. गंमत बघा, कलकत्त्यात घोटी म्हणजे मूळ रहिवासी आणि मुंबईत घाटी म्हणजे सातारा-सांगलीहून गेलेले आपण उपरे!

२८ जुलैला जोडाबागान क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. शैलेश बोस नावाचा चांगला खेळाडू जोडाबागाननं संघातून वगळला. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी म्हणाले, त्याला घ्या. कुणी ऐकलं नाही. तो पूर्व बंगालचा म्हणूनच डावलला, अशी भावना झाली. चौधुरी क्लब सोडून बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. राग शांत व्हायच्या आत! आपल्याकडं अशा वेळी नुसतं पत्र जातं.

सगळे हौशी खेळाडू. तरी १९२५ ला क्लब पहिल्या श्रेणीत आला आणि १९४२ ला कलकत्ता लीग जिंकली. मग फाळणी झाली. घरदार, शेतीवाडी सोडून आलेल्या निर्वासितांना या क्लबाच्या नावातच आपलं गाव दिसायचं. हा संघ जिंकला की बाजारात हिल्सा मासा महागायचा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी.

आता खरा मुद्दा. या क्लबाचा सुवर्णकाळ १९४९ ते ५३. पुढच्या फळीतल्या पाच जणांना ‘पंचपांडव’ म्हणत : वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह. पाचही दक्षिणेतले, पूर्व बंगालचा एकही नाही! १९४९ साली यांनी कलकत्ता लीग, आयएफए शील्ड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स चषक, तिन्ही आणले. ‘आमचा माणूस का वगळला’ या रागातून जन्मलेल्या क्लबानं ‘आमचाच हवा’ हा हट्ट धरला नाही.

मुंबईत गोव्याच्या लोकांचंही असंच. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा, म्हणजे ते तर परदेशातूनच आलेले. धोबीतलाव भागात त्यांच्या गावोगावच्या कुडी होत्या. बोटीवरच्या नोकरीची वाट बघणाऱ्यानं आपल्या गावाच्या कुडीत ट्रंक ठेवायची आणि राहायचं. त्या खोल्यांनाही ते ‘क्लब’च म्हणत. मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं मुंबईच्या मैदानावर नाव काढलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. आपल्या माणसांचेही लालबाग-परळला गावाचे गाळे होतेच. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले तर देशभर पसरलेत. त्यांना तिथं कुणीतरी पहिली खोली भाड्यानं दिलीच ना?

हे सगळं आज सांगायचं कारण, वार्षिक सभेत ठराव येतोय : मोकळ्या प्लॉटवर फक्त सभासदांच्याच मुलांनी खेळावं, भाडेकरूंच्या नाही. पंचवीस वर्षांपूर्वी इथं राहायला आलो तेव्हा आपण तरी कुठले सांगलीकर? कुणी जतचा, कुणी माणचा, कुणी खटावचा. आमच्या खिडकीतून रोज खेळ दिसतो. कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेल्या बिहारी भाडेकऱ्याचा मुलगा गोलात उभा असतो. तो नसला तर आपल्याच पोरांचा खेळ होत नाही. ती त्याच्या दाराशी जाऊन हाका मारतात.

बॉल गाड्यांना लागतो, ही तक्रार मात्र खरी आहे. माझ्याही स्कूटरचा आरसा गेलाय. पण बॉल मारणारा सभासदाचा की भाडेकरूचा, हे आरशाला कसं कळणार? त्यावर उपाय जाळी. मी ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे आणि पार्किंगच्या बाजूच्या जाळीसाठी अकरा हजार रुपये आजच देतोय. खजिनदारसाहेब, चेक घ्या. बँकेत आयुष्य गेलंय माझं, तेव्हा पावती लगेच लागेल.