‘सिफ्ट’ म्हणजे निवडणे नव्हे

आज एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलायचे आहे. त्याचा उच्चार जरा कान देऊन ऐका: सिफ्ट. सुरुवातीला दंत्य स आहे. रात्रपाळी-दिवसपाळीची जी शिफ्ट आपल्याकडे घरोघरी पोचली आहे, तिचा याच्याशी काही संबंध नाही. सिफ्ट म्हणजे चाळणीतून चाळणे. पीठ सिफ्ट करतात, राख सिफ्ट करतात आणि पुरावेही सिफ्ट करतात. इंग्रजी बातम्यांत तर कागदांचा ढीग आला की पाठोपाठ हे क्रियापद येते. तपास अधिकाऱ्यांनी हजारो पाने सिफ्ट केली, कंपनीच्या संगणकाने लाखभर अर्ज सिफ्ट केले, अशी ती वाक्ये असतात. मराठीत ती उतरवताना आपण कधी ‘निवडले’ लिहितो, कधी ‘चाळले’ लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. माझे म्हणणे असे की या दोन्ही ठिकाणी मूळ शब्दाचा नेमका कणा मोडतो. सिफ्ट हे क्रियापद एकाच गोष्टीची ग्वाही देते: ढिगातला कण न् कण जाळीवरून गेला. त्यातले काय ठेवले आणि काय टाकले, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

शब्द जुना आहे. चाळणीसाठी इंग्रजीत सिव्ह हे नाम आहे, त्याच घराण्यातले हे क्रियापद. डच भाषेत त्याचा भाऊबंद ‘झिफ्टेन’ आजही नांदतो. पिठाकडून माणसाकडे हा शब्द कसा वळला, ते बायबलच्या भाषांतरांतून चांगले दिसते. लूकच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्याला सावध करतो की सैतानाला तुम्हांला गव्हासारखे चाळायचे आहे. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलात या ठिकाणी ‘रिडल’ हे क्रियापद आहे. रिडल म्हणजे मोठ्या भोकांची चाळण. १५२६ साली भाषांतरकार टिंडेलने तिथे सिफ्ट घातले, १६११ च्या राजमान्य भाषांतरात ते तसेच राहिले आणि मग घट्ट रुजले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजा क्लॉडियस आपला म्हातारा दरबारी पोलोनियस याच्याबद्दल हेच क्रियापद वापरतो. म्हाताऱ्याच्या बोलण्यात तथ्य किती ते प्रश्न विचारून बघू, असा त्याचा भाव आहे. म्हणजे सोळावे शतक सरता सरता इंग्रजीत माणूसही चाळला जाऊ लागला होता. आपण अशा जागी ‘खोदून खोदून विचारणे’ म्हणतो.

आता काय ठेवले, काय टाकले याबद्दलच्या त्या मौनाकडे येऊ. आपल्याच स्वयंपाकघरातली गोष्ट घ्या. गहू चाळताना माती आणि बारीक कचरा खाली पडतो, गहू वर राहतो. तेच गहू दळून आणले की पीठ खाली पडते आणि कोंडा वर राहतो. क्रिया एकच, क्रियापद एकच, पण एकदा वरचे हवे असते आणि एकदा खालचे. हवे-नको हे चाळणी ठरवत नाही, चाळणारा ठरवतो. इंग्रजी सिफ्टचेही तसेच आहे, आणि त्याचा एक नामी पुरावा पुन्हा बायबलातच सापडतो. जुन्या करारातल्या आमोसच्या नवव्या अध्यायात देव म्हणतो की मी इस्राएलच्या घराण्याला सर्व राष्ट्रांमध्ये चाळणीत चाळावे तसे चाळीन, आणि एकही अमुक जमिनीवर पडणार नाही. हे अमुक म्हणजे काय? १६११ चे भाषांतर ‘दाणा’ म्हणते. अलीकडची काही इंग्रजी भाषांतरे ‘खडा’ म्हणतात, कारण त्या हिब्रू शब्दाचा एक अर्थ खडा असाही होतो. दाणा धरला तर देव चांगल्यांना जपून वर ठेवतो. खडा धरला तर वाईटांपैकी एकही निसटत नाही. एक आश्वासन, एक धमकी. दोन्हींत क्रियापद सिफ्टच आहे, आणि ते या वादात कोणत्याही बाजूने साक्ष देऊ शकत नाही.

रोजच्या वापरात मात्र हा शब्द फार काटेकोर वागतो. इंग्रजी पाककृतींत ‘चाळलेले पीठ एक कप’ आणि ‘एक कप पीठ, चाळलेले’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीत आधी चाळायचे, मग मोजायचे. चाळल्याने पिठात हवा खेळते, ते हलके होते, म्हणून कपात वजनाने कमी मावते. दुसरीत आधी मोजायचे आणि मग चाळायचे. कृदन्त नामाच्या पुढे की मागे, एवढ्यावर केक बसतो किंवा फुगतो. केकवर पिठीसाखर भुरभुरवणे यालाही सिफ्टच म्हणतात. बारीक बर्फ पडतो, पानांतून ऊन झिरपते, तिथे तेच क्रियापद अकर्मक होऊन येते. या जागी आपल्याला चाळणे चालत नाही, भुरभुरणे आणि झिरपणे यांनाच बोलवावे लागते.

खरी गंमत, किंवा खरा खड्डा म्हणा, पुढे आहे. मराठी चाळणे हे हलवण्यापासून आले. झोप चाळवते, निखारे चाळवतात, तीच ही हालचाल. म्हणून आपण पुस्तकाची पाने हलवली की ‘पुस्तक चाळले’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ होतो वरवर पाहिले, इथून तिथून नजर फिरवली. इंग्रजी शब्द साधनावरून आला, हालचालीवरून नाही. त्यामुळे त्याचा लाक्षणिक अर्थ बरोबर उलट दिशेला गेला: कसून, बारकाईने तपासणे. एखाद्या चौकशी समितीने साक्षीपुरावे सिफ्ट केले, या वाक्याचे मराठी ‘समितीने साक्षीपुरावे चाळले’ असे झाले, तर समितीने मन लावून केलेल्या कामाचे आपण एका शब्दात वाटोळे केले. इथे ‘छाननी केली’ हाच शब्द हवा. छाननीचे नाते हिंदीतल्या छानना या क्रियापदाशी आहे, म्हणजे तोही चाळणीच्याच कुळातला. शिवाय निवडणुकीमुळे त्याचा अर्थ आपल्याकडे पक्का झाला आहे. उमेदवारी अर्जांची छाननी म्हणजे आलेल्या प्रत्येक अर्जाची तपासणी. चार अर्ज बाजूला काढून पाहिले तर त्याला कोणी छाननी म्हणणार नाही.

चाळणे आणि निवडणे यांतला फरक पुसला गेला की काय होते, याचा दाखला इंग्रजीनेच देऊन ठेवला आहे. चाळण्याचेच आणखी एक क्रियापद तिथे आहे, ‘गार्बल’. अरबीत ‘घिर्बाल’ म्हणजे चाळण. तो शब्द मसाल्यांच्या व्यापाराबरोबर इटालियन बंदरांत आणि तिथून इंग्लंडात पोचला. लंडन शहरात मसाल्यांचा ‘गार्बलर’ नावाचा अधिकारी असे. दुकानांत आणि वखारींत शिरून मसाले तपासायचे, त्यांतली भेसळ आणि काडीकचरा काढून टाकायचा, हा त्याचा अधिकार. म्हणजे गार्बल करणे हे स्वच्छ करणे होते. पुढे लोक दुसऱ्याच्या मजकुरातून सोयीची वाक्ये वेचून घेऊ लागले, आणि त्या उद्योगालाही गार्बल म्हटले जाऊ लागले. आज या शब्दाचा अर्थ आहे मजकुराची मोडतोड करणे, गोंधळ करणे. शुद्धीचा शब्द भ्रष्टतेचा झाला, आणि मधली पायरी होती ती सोयीने वेचण्याची. सिफ्ट अजून त्या वाटेला गेलेला नाही, पण वाट उघडी आहे.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप उघड आहे. रूपके मरतात. पुरावे सिफ्ट करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आज कोणतीही चाळणी नसते, मग जाळी आणि कण यांचा हिशेब कशाला मांडायचा? आक्षेपात तथ्य आहे. पण मेलेले रूपक आपली अव्यये सांभाळत बसत नाही. सिफ्ट आजही ‘आउट’, ‘फ्रॉम’ आणि ‘थ्रू’ यांच्याच संगतीत फिरतो, म्हणजे बाहेर काढणे, एकापासून दुसरे वेगळे करणे आणि आरपार जाणे. ही सारी चाळणीची अंगे आहेत. यांतले ‘थ्रू’ तर बारकाईने पाहण्यासारखे आहे. पीठ चाळताना पीठ चाळणीतून जाते. कागदांच्या बाबतीत मात्र माणूस कागदांतून जातो, ढीग जागेवर राहतो. हाती काही लागले असे हा प्रयोग सांगत नाही. तासन्‌तास सिफ्ट केले आणि काहीच मिळाले नाही, असे इंग्रजीत सहज म्हणता येते. निवडण्याच्या क्रियापदाबाबत तसे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाषा वापराने ठरते, आणि आज पत्रकार जर मोठ्या संग्रहातल्या शोधाला सिफ्ट म्हणत असतील, तर तोच त्याचा अर्थ. पनामा पेपर्सचे उदाहरण घेऊ. २०१६ साली उजेडात आलेल्या, परदेशी कंपन्यांविषयीच्या फुटलेल्या गोपनीय कागदपत्रांच्या त्या संग्रहात सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते आणि त्यांवर काम करणारे पत्रकार होते साधारण ३७०. सरळ भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस हजारांहून अधिक दस्तऐवज येतात. ते सगळे कोणी वाचले नाहीत, वाचणे शक्यही नव्हते. कागद संगणकाला वाचता येतील असे करून घेतले आणि मग नावे टाकून शोध घेतला. त्या शोधाची थोरवी मी नाकारत नाही. त्यामुळे आइसलंडच्या पंतप्रधानांना पद सोडावे लागले. पण गळ टाकून मासा काढला म्हणजे तळे गाळले असे होत नाही. आणि बातमीदार ‘शोधले’ हा साधा शब्द सोडून सिफ्ट का उचलतो? कारण त्यातून कष्ट, सबुरी आणि संपूर्णता ऐकू येते. म्हणजे जुना अर्थ संपलेला नाही, त्याची पत वापरून नवे काम खपवले जाते. वापराने अर्थ ठरतो हे मान्य, पण वापरणाऱ्याला जुन्या अर्थाची पत हवी असेल तर त्याचे कर्जही मानले पाहिजे.

सिफ्टचा शुद्ध वापर पाहायचा तर ब्रिटिश संसदेत पाहावा. युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी २०१८ मध्ये कायदा झाला. त्याखाली मंत्र्यांना शेकडो नियम करावे लागणार होते, आणि त्यांतले बरेचसे चर्चेविना जातील अशी भीती होती. म्हणून समित्यांना एक काम नेमून दिले गेले. मंत्री जो नियम चर्चेविना करू पाहतील त्याचा मसुदा आधी समितीपुढे आला पाहिजे आणि बैठकांच्या दहा दिवसांत समितीने सांगायचे की यावर सभागृहाचा होकार घ्यावा की नाही. या कामाला तिथे ‘सिफ्टिंग’ असेच नाव पडले. एकही मसुदा या जाळीला वळसा घालून जाऊ नये, हा त्यातला गाभा. समितीची शिफारस मात्र मंत्र्यांवर बंधनकारक नव्हती. चाळायचे समितीने, ठेवायचे-टाकायचे दुसऱ्याने. क्रियापदाची मर्यादा कायद्याने इतक्या तंतोतंत पाळलेली क्वचितच दिसेल.

शेवटचा आक्षेप असा की प्रत्येक चाळणीला भोके असतातच, तेव्हा संपूर्णतेची भाषा फसवी आहे. भोके असतात, हे खरेच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचा ढिगारा स्टेटन बेटावरच्या फ्रेश किल्स या कचराभूमीवर नेण्यात आला. मृतांचे अवशेष मिळावेत म्हणून तो पट्ट्यांवरून आणि जाळ्यांवरून चाळला गेला. शेवटची जाळी पाव इंचाची होती. २००२ च्या जुलैमध्ये काम थांबले. पाव इंचाहून बारीक जे खाली पडले ते तिथेच राहिले, आणि त्यातही आमची माणसे असतील, म्हणून काही कुटुंबे न्यायालयात गेली. त्यांचा दावा फेटाळला गेला. निकाल पटो न पटो, पण तो वाद उभा राहू शकला तो जाळीचे माप सर्वांना ठाऊक होते म्हणून. नेमके काय निसटले असेल, हे कुटुंबांना बोट ठेवून सांगता येत होते. नोकरीचे अर्ज संगणकाने सिफ्ट केले असे जेव्हा सांगतात, तेव्हा ज्याचा अर्ज खाली पडला त्याला हे माप कोणी सांगत नाही. इंग्लंडात सरकारी नोकरभरतीच्या पहिल्या टप्प्याचे नावच ‘सिफ्ट’ आहे, पण तिथे निदान कोणत्या निकषांवर अर्ज पाहिले जातील ते जाहिरातीत आधी छापलेले असते.

तेव्हा मराठी वृत्तपत्रांत आणि वृत्तविभागांत इंग्रजी मजकूर उतरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. सिफ्ट समोर आला की आधी पाहा, सगळा ढीग खरोखर तपासला गेला आहे का. गेला असेल तर ‘छाननी केली’ लिहा. केवळ नावे टाकून शोध घेतला असेल तर ‘शोध घेतला’ असे लिहा, मूळ इंग्रजीत सिफ्ट असला तरी. आणि ‘चाळले’ हे क्रियापद पिठासाठी, रव्यासाठी आणि झोप येईपर्यंत हातात धरलेल्या मासिकासाठी राखून ठेवा.