एम. ए.चा अभ्यास आणि वाढते पोट

जेऊरचा मुलगा एम. ए.साठी पुण्याला जातो. शेतात राबलेले अंग तिथे दिवसभर खुर्चीत बसते. जागरणाला चहा लागतो आणि वर्षभरात सदऱ्याची बटणे ताणू लागतात. मग हा उपाशी राहतो! दाबलेली भूक रात्री दुप्पट उसळते. त्यापेक्षा हिशेब करा : सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ २०० उष्मांक. ती साखर सोडावी; भाकरी, मटकीची उसळ सोडू नये. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घातले, तरी १८७९ साली ते एलएल. बी. झालेच. आपल्याला वर्ष नको. रोज अर्धा तास झपझप चालणे आणि सात तास झोप पुरे. गुरुजींनी निरोप देताना मुलांना एवढे जरूर सांगावे.