टाकलेलें पिलूं

एखाद्या मुक्या जिवाची दया येण्यास एक क्षण पुरतो. ती दया निभावण्यास दहाबारा वर्षें लागतात. या दोहोंमधील अंतर मला वयाच्या साठीनंतर एका कुत्र्याच्या पिलानें शिकविलें. आज तीच हकीकत मी श्रोत्यांपुढें ठेवणार आहें.

आम्ही वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटींत राहतों. नांव परकें असलें तरी वस्ती तुमच्याआमच्यासारख्या माणसांचीच आहे. सकाळीं तींतील पुष्कळ मंडळी वसई रोड स्थानकाकडे धांवत सुटते आणि रात्रीं दमूनभागून परतते. पावसाळ्यांत येथील सखल रस्त्यांवर पाणी सांचतें. जुलै २०१८ मध्यें तर रुळांवर पाणी चढून आगगाड्याहि बंद पडल्या होत्या. गेल्या वर्षीं अशाच एका पावसाळी संध्याकाळीं भाजी घेऊन परततांना, एका बंद दुकानाच्या दाराला दोरीनें बांधलेलें पिलूं माझ्या दृष्टीस पडलें. अंग भिजून चिंब झालेलें, शेजारीं बिस्किटांचा रिकामा पुडा. तें चुकलेलें नव्हतें, टाकलेलें होतें. मी तासभर तेथें छत्री धरून उभा राहिलों. कोणी आलें नाहीं. शेवटीं मेथीची जुडी काखेंत मारली आणि पिलूं पिशवींत घातलें.

घरीं सौभाग्यवतीनें पिशवींत डोकावून पाहिलें व म्हटलें, "मेथी आणायला गेला होतात ना?" यापलीकडे विरोध झाला नाहीं. नातू तर आनंदानें नाचूंच लागला.

दुसऱ्या दिवशीं पशुवैद्यांनीं पिलाचें वय दोन महिन्यांच्या आंतबाहेर ठरविलें. तें मादी होतें. जात जर्मन शेफर्ड, म्हणजे जुनीं माणसें ज्याला अल्सेशियन म्हणतात तेंच हें मेंढपाळाचें कुत्रें. जंताचें औषध झालें, पहिली लस टोंचली गेली. पार्व्हो नांवाच्या रोगानें लहान पिलें रक्ताची हगवण लागून दोनचार दिवसांत दगावतात. म्हणून सर्व लशी पुऱ्या होईपर्यंत तिला रस्त्यावर सोडूं नका, असें त्यांनीं बजावलें. तुंबलेल्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळतें व त्यापासून कुत्र्यांस आणि माणसांसहि लेप्टोचा ताप येतो, हेंहि सांगितलें. पिसाळरोगाची लस तिसऱ्या महिन्यांत द्यावयाची होती.

नांव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला. ऋग्वेदांत पणींनीं चोरून नेलेल्या गाईंचा माग इंद्राच्या सरमा नांवाच्या कुत्रीनें काढला, अशी कथा आहे. गुरांचा सांभाळ हाच जिच्या कुळाचा धर्म, तिला याहून शोभणारें नांव कोणतें? मीं 'सरमा' ठेवलें. नातवानें दोन दिवसांत त्याचें 'सरू' करून टाकलें.

पहिले तीन महिने कौतुकांत गेले. पुढें मात्र सरूच्या वागण्यांत एक निराळाच प्रकार दिसूं लागला. सहा वर्षांचा नातू घरांत धांवूं लागला कीं ती त्याच्याभोवतीं घिरट्या घाली आणि त्याला भिंतीकडे रेटी. पाहुणे आले आणि मंडळी दोन खोल्यांत विभागली, कीं हिच्या येरझाऱ्या सुरू होत. एके दिवशीं नातू खेळावयास जाण्यासाठीं जिन्याकडे धांवला, आणि तिनें मागून त्याची टांच धरली. चार दांत उमटले, रक्त आलें. वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवून आम्हीं त्याला डॉक्टरांकडे नेलें. सुया सुरू झाल्या.

आमची सून आकांडतांडव करणाऱ्यांपैकीं नव्हे. ती एवढेंच म्हणाली, "बाबा, मूल माझं आहे. आता काय करायचं तें तुम्हीच सांगा."

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ज्याच्याजवळ उत्तर नसतें तो शिक्षेकडे वळतो. मास्तरकींत मीं हें अनेकदां केलें आहे. मीं सरूला गॅलरींत बांधून टाकलें. तिनें दोरी कुरतडली, रात्र रात्र भुंकून शेजाऱ्यांची झोंप घालविली, स्वतःचा पंजा चाटून चाटून लाल केला. चवथ्या दिवशीं मीं एका परिचितास दूरध्वनि करून, त्याच्या ओळखीच्या शेतावर तिला पाठविण्याचें ठरविलें. ज्या बंद दारापासून मीं तिला सोडवून आणलें होतें, त्याच दाराशीं मी तिला परत नेत होतों. वाट काय ती लांबची होती.

त्या रात्रीं मला चाळीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवला. सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत, एका वाडीवरच्या शाळेंत मी नवा मास्तर होतों. तेथें एक धनगराचा मुलगा येई आणि त्याच्या मागोमाग त्यांच्या वाड्यावरचें कुत्रें येई. तें शाळेबाहेर बसून राही. मुलें खेळावयास सुटलीं कीं त्यांच्यामागें फिरे. मीं एकदां तें झाडाला बांधविलें. तेव्हां तो मुलगा मला म्हणाला, "गुर्जी, त्याला बांधूं नका. बांधलं की ते खुळं होतं. त्याला राखायला कायतरी लागतं." दिवाळीनंतर मेंढ्या चाऱ्यासाठीं हलल्या, मुलगाहि गेला आणि मीं हजेरीपटावरून त्याचें नांव कमी केलें. नियमानें माझें कांहीं चुकलें नव्हतें. पण जें वाक्य तो मला शिकवून गेला, तें मीं इतकीं वर्षें ऐकलेंच नव्हतें.

त्यानंतर मीं या जातीविषयीं मिळेल तें वाचून काढलें. आपल्या धनगरांचें कुत्रें मुख्यतः राखणदार आहे; रात्रीं कळप शेतांत बसविला कीं लांडग्यापासून त्याला संभाळणें हें त्याचें काम. जर्मन कुत्र्याचें काम थोडें निराळें. तिकडे पुष्कळ ठिकाणीं चराऊ रानाला लागूनच उभें पीक असे आणि मध्यें कुंपण नसे. तें कुंपण म्हणजे हा कुत्रा. दिवसभर कळपाच्या कडेनें येरझाऱ्या घालावयाच्या आणि बाहेर पडणारी मेंढी आंत लोटावयाची. माक्स फोन स्टेफानिट्स या घोडदळांतील अधिकाऱ्यानें १८९९ सालीं अशाच गुणांचा एक कुत्रा पसंत केला, त्याचें नांव होरांड ठेविलें आणि त्याच वर्षीं या जातीची संस्था स्थापिली. हें वाचलें आणि माझ्या डोळ्यांवरचें झांपड उडालें. सरू चावरी नव्हती. पीक नाहीं, कुरण नाहीं, कळप नाहीं. होतीं तीं आम्हीं पांच माणसें. तिनें आम्हांलाच कळप मानलें होतें, आणि कळपांतील सर्वांत लहान मेंढरूं जिन्याकडे पळत होतें!

शेतावर पाठविण्याचा बेत मीं रद्द केला. सुनेकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. या काळांत मुलाला व सरूला एकटें म्हणून सोडावयाचें नाहीं, ही तिची अट होती आणि ती रास्त होती. पहांटे साडेपांचला, ऊन चढण्यापूर्वीं, मी तिला तासभर फिरवूं लागलों; संध्याकाळीं पुन्हां तितकेंच. ती टांचेकडे वळली कीं रागावण्याऐवजीं तिच्या तोंडांत जाड दोरखंडाचा तुकडा देऊं लागलों. घरांत दडविलेली वस्तु हुंगून शोधण्याचा खेळ शिकविला. जेवणाचीं पानें घेतलीं कीं एकेकाचें नांव घेऊन त्याला बोलावून आणण्याचें काम तिच्याकडे दिलें. नातवालाहि शिकविलें : ती मागें लागली तर पळूं नये, झाडासारखें उभें रहावें, आणि शांतपणें 'बस' म्हणावें. दुसरा महिना संपण्यापूर्वींच तिनें टांच धरणें सोडलें. ज्या दिवशीं सुनेनें आपण होऊन भाकरीचा तुकडा तिच्यापुढें टाकला, त्या दिवशीं मुदतीचा प्रश्न मिटला.

या हकीकतीवरून कोणी अल्सेशियन विकत घेण्यास निघूं नये. त्याची दुहेरी लव थंड देशासाठीं आहे. आमच्या दमट हवेंत त्याला धाप लागते. वजन पुढें तीस किलोंच्या घरांत जातें; कमरेच्या सांध्यांचा विकार या जातींत पुष्कळ आढळतो. हौसेनें आणलेलीं अशीं पिलें मोठीं झालीं कीं डोईजड होतात आणि मग रस्त्यावर येतात. जनावर उपाशीं मरण्यासाठीं टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला. पण पहिल्या गुन्ह्यास त्यानें ठेवलेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! तेव्हां कायद्याहून आपल्या मनाचाच धाक अधिक हवा. दत्ताच्या तसबिरींतील चार कुत्र्यांना आपण रोज गंधफूल वाहतों. खंडोबाच्या कुत्र्यालाहि नमस्कार करतों. दारांतल्याला मात्र काठी दाखवितों. महाभारताच्या आरंभींच सरमेच्या निरपराध पोराला यज्ञमंडपांत मार बसतो. शेवटीं धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास नकार देतो. या दोन प्रसंगांच्या मध्यें केवढी कथा आहे, तें तुम्ही जाणतांच.

टाकलेलें पिलूं जरूर उचलावें. पण उचलतांना स्वतःला विचारावें : याला देण्यास माझ्याजवळ रोजचे दोन तास आहेत काय? घरांतील सर्वांची संमति आहे काय? आणि हें कोणत्या कामासाठीं जन्मलें, तें समजून घेण्याची माझी तयारी आहे काय? उत्तर 'नाहीं' असेल तर त्यांतहि कमीपणा नाहीं; त्याला सुखरूप दुसऱ्या चांगल्या घरीं पोंचविणें हीहि दयाच.

आमचा मुलगा रात्रीं साडेदहाच्या सुमारास कामावरून परततो. सर्व खोल्या दिसतील अशा जागीं, मधल्या दारांत, सरू तोंवर ताठ बसलेली असते. जिन्यावर त्याचें पाऊल वाजलें, तो आंत आला, कीं ती एकदां सर्वांवरून नजर फिरविते आणि मगच अंग टाकते. तिचा हिशेब पुरा झालेला असतो. दिवा मालवण्याचें काम तेवढें माझ्याकडे उरतें.