गवत एक, पोटे दोन

गाय आणि घोडा दोघेही गवतावर जगतात, पण ते पचवायची जागा दोघांची वेगळी. गवतातला सेल्युलोज तोडणारे पाचकरस दोघांच्याही शरीरात तयार होत नाहीत. ते काम जिवाणूंकडून करून घ्यावे लागते. गायीने या जिवाणूंना पोटाच्या आरंभीच, कोटीपोटात, जागा दिली. चार कप्प्यांपैकी हा कप्पा सर्वांत मोठा, एकूण पोटाच्या सुमारे ८० टक्के. डाव्या भकाळीवर मूठ टेकवून ठेवली तर मिनिटाला एक-दोनदा त्याची हालचाल हाताला लागते. पशुवैद्यकांना ही हालचाल ओळखीची आहे. ती थांबली की जनावर आजारी आहे, हे तापमापी लावण्याआधीच कळते.

नवजात वासरात हे प्रमाण उलटे असते. चौथा कप्पा, म्हणजे खरे जठर, तेव्हा सर्वांत मोठा असतो आणि वासराने चोखलेले दूध पन्हळीसारख्या घडीतून थेट तिथेच उतरते. वासरू चारा-खुराक खाऊ लागले की कोटीपोट वाढू लागते. अवयवाचा आकार केवळ जातीने ठरत नाही, आहारानेही ठरतो, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दुसरा कप्पा लहान, आतून मधाच्या पोळ्यासारखा. गाय जिभेने चारा ओढते आणि फारसा न चावता गिळते, त्यामुळे तार-खिळेही आत जातात आणि जड असल्याने याच कप्प्यात साचतात. त्याच्या पुढे पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. आकुंचनाच्या जोराने तार पुढे सरकली तर ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून तिच्यात हा आजार क्वचित दिसतो.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. त्याचे जिवाणू अंधनालात आणि मोठ्या आतड्यात, म्हणजे पचनाच्या शेवटच्या टप्प्यावर राहतात. घोड्याला उलटी करता येत नाही. एकदम भरपूर दाणा खाल्ला आणि तो पोटात फुगला तर जठर फुटण्यापर्यंत वेळ येते. घोड्याला पित्ताशयही नाही. दिवसभर चरणाऱ्या प्राण्याला पित्त साठवून ठेवायची गरज नसावी, असे त्याचे कारण सांगतात. ते पुरेसे वाटत नाही, कारण दिवसाचे कित्येक तास चरणाऱ्या गायीला पित्ताशय आहे.

हृदयाचे प्रमाण मात्र आश्चर्यकारकपणे स्थिर असते. उंदीर असो वा हत्ती, सस्तन प्राण्यांत ते साधारणपणे देहाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. बदलते ती गती. उंदराचे हृदय मिनिटाला ५०० हून अधिक वेळा धडधडते, हत्तीचे सुमारे ३० वेळा.

कोंबडीची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवतात त्या नऊ वायुपिशव्या, आणि त्यांना हलवते ते छातीचे हाड. कोंबडीला पडदा नसतो. म्हणून लस टोचताना तिची छाती घट्ट आवळून धरली तर नाक-तोंड मोकळे असूनही ती गुदमरते.

यकृत आणि मूत्रपिंड यांतले फरक शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसत नाहीत, आणि तेच सर्वांत घातक ठरतात. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अगदी दुबळी असते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. डायक्लोफिनॅक गायी-म्हशींना सोसत असे. उपचारानंतर थोड्याच काळात मेलेल्या जनावराचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे. १९९० च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले; २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडांना मेलॉक्सिकॅम सोसते, हे तपासून तो पर्याय देण्यात आला. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवर जनावरांसाठीची बंदी २०२३ मध्ये आली.